संपला की गळला?

मोटारीतली हवा थंड येईनाशी झाली, की गॅरेजवाला बॉनेट उघडण्याआधीच सांगून मोकळा होतो, "साहेब, गॅस संपला!" मी पडलो मराठीचा मास्तर, त्या क्रियापदापाशीच अडतो. पेट्रोल संपते, कारण ते जळते. हा गॅस जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तेव्हा तो कमी झाला असेल, तर गळला असला पाहिजे. भोक न बुजवता तो भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए वायू, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक पृथ्वी तापवतो.

गेल्या मे महिन्यात ऐंशीच्या घरातल्या आईला सोलापूरला न्यायचे होते. मी हट्टच धरला, "गळती दाखवा, मग भरा." कंडेन्सरच्या सांध्याशी तेलकट डाग सापडला, गॅसबरोबर आतले तेलही झिरपते ना! रबरी रिंग बदलली, मग गॅस भरला.

अर्थात प्रत्येक वेळी दोष गॅसचाच नसतो. झोतच मंद असेल, तर केबिन फिल्टर धुळीने तुंबला आहे का पाहावे. धावताना गार आणि सिग्नलला कोमट हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा फिरतो का पाहावे. वाचकहो, निदानातले क्रियापद चुकले, की बिलातला आकडाही चुकतो!