बिल एकच, पैसा दोन ठिकाणचा : अकाउंटंटच्या वाढीव फीचा वाद कसा सोडवायचा?

जऊळका (ता. मालेगाव, जि. वाशिम) : जून महिन्यात खेड्यातल्या दुकानदाराचा गल्ला रिकामा असतो. पेरणीचे दिवस, बियाणं-खताची धावपळ, निम्मं गाव उधारीवर. आणि कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांच्या वार्षिक विवरणपत्राची, म्हणजे जीएसटीआर-४ ची, शेवटची तारीख नेमकी ३० जून. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून ती ३० एप्रिलवरून इथे आली आहे. या कामासोबत अकाउंटंटचं वर्षाचं बिल हातात पडतं आणि ते ठरल्यापेक्षा जास्त निघालं की कुरबूर सुरू होते. जऊळक्यासारख्या गावातला किराणावाला असो की कृषी केंद्रवाला, कागदांसाठी त्याला मालेगाव किंवा वाशिम गाठावं लागतं. व्यवहार तोंडी, हिशेब पिशवीतला. त्यामुळे वाद झाला की दाखवायला कागद नसतो.

या वादाचं मूळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीत सापडतं. सरकारला भरायचा पैसा आणि अकाउंटंटची मेहनत हे दोन्ही एका आकड्यात मिसळलेले असतात. ते वेगळे केले की निम्मा वाद तिथेच मिटतो, कारण सरकारकडे किती गेले हे पोर्टलवर कोणालाही दिसतं.

बिलाची फोड अशी करा

समजा, एका किराणा दुकानदाराची फी महिन्याला ५०० रुपये ठरली होती. वर्षाचे झाले ६ हजार. बिल आलं १४ हजार ५०० चं, आणि वर नुसतं लिहिलंय 'रिटर्न, लेट फी व इतर'.

आता फोड करू. दुकानदार कंपोझिशनमध्ये असेल, तर जीएसटीआर-४ उशिरा भरल्याची लेट फी दिवसाला ५० रुपये आहे, पण ती २ हजारांच्या वर जात नाही. वर्षभरात कर काहीच नसेल तर ५०० रुपयांवर थांबते. तिमाही सीएमपी-०८ उशिरा भरला तर लेट फी लागत नाही, थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. अकाउंटंट स्वतः जीएसटीत नोंदलेला असेल तर त्याच्या फीवर १८ टक्के जीएसटी येतो, म्हणजे ६ हजारांवर १ हजार ८०. नोंदलेला नसेल तर त्याला तो लावताच येत नाही. सरकारकडे भरलेल्या लेट फीची रक्कम जशीच्या तशी दाखवायची असते, तिच्यावर १८ टक्के चढवायचे नसतात.

फी, तिच्यावरचा कर आणि जास्तीत जास्त लेट फी मिळून झाले ९ हजार ८०. उरले ५ हजार ४२०. त्यात वर्षभराचा कर किंवा व्याज असेल तर चलन दाखवता येईल. नोटिशीचं उत्तर दिलं असेल तर ते उत्तर दाखवता येईल. दुकानदाराने विचारायचं ते एवढ्याच रकमेबद्दल. सगळं बिलच खोटं आहे म्हणून भांडायला गेलं की मुद्दा हातातून सुटतो.

नेहमीच्या योजनेतल्या व्यापाऱ्याचं गणित थोडं वेगळं आहे. जीएसटीआर-३बी ची लेट फीही दिवसाला ५० रुपये, निरंक असेल तर २०. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना एका विवरणपत्रामागे ती २ हजारांच्या वर लागत नाही, निरंकला ५०० च्या वर नाही. जीएसटीआर-९ हे वार्षिक विवरणपत्र २ कोटींपर्यंतच्या उलाढालीला सक्तीचं नाही. त्याचे पैसे बिलात असतील तर ते भरायची गरज होती का, हे विचारणं रास्त आहे.

अकाउंटंटचीही बाजू आहे

अनेक दुकानदार पिशवीभर बिलं शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आणून टाकतात. त्याच दिवसांत पोर्टल रेंगाळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा नेहमीच्या योजनेतल्या दुकानांची बिलिंगची माहिती नव्याने बसवावी लागली. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, त्यानंतर आपलंही खातं तपासून घ्यावं ही धास्ती वाढली. हे काम ठरलेल्या ५०० रुपयांत बसतं का, हा प्रश्न त्यांचाही आहे.

कायदाही त्यांच्या बाजूने काही सांगतो. भारतीय करार कायद्याच्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसलेलं काम एखाद्याने केलं आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. म्हणजे 'भाव ठरला नव्हता, म्हणून एक रुपयाही देणार नाही' हे चालत नाही. पण अकाउंटंटने मनाला येईल तो आकडा लावावा, असाही त्याचा अर्थ होत नाही.

उशीर कोणाचा, हा मुद्दा वेगळा. कागद वेळेत दिले होते आणि विवरणपत्र तरीही उशिरा गेलं, तर ती लेट फी दुकानदाराने का सोसावी? मात्र सरकार वसुली दुकानदाराकडूनच करतं. जीएसटी प्रॅक्टिशनरने भरलेल्या विवरणपत्रातल्या माहितीची जबाबदारीही कलम ४८ नुसार नोंदणीधारकाचीच राहते. म्हणून कागद कोणत्या तारखेला दिले याचा व्हॉट्सॲप मेसेज तरी जपून ठेवावा.

पासवर्ड कोणाकडे?

फीचा वाद चिघळतो तो इथे. नोंदणी करताना अकाउंटंटने स्वतःचाच मोबाइल आणि ई-मेल टाकलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो. मग 'आधी पैसे, मग पासवर्ड' असं झालं की दुकानदार अडकतो. तिकडे लेट फीचं मीटर चालूच.

हा प्रकार देशभर इतका झाला की जून २०१८ मध्ये केंद्राने त्यावर वाट काढून दिली. अशा नोंदणीधारकाने ओळखपत्र आणि व्यवसायाची कागदपत्रं घेऊन आपल्या अधिकारक्षेत्रातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं. अधिकारी खात्री करून नवा मोबाइल व ई-मेल नोंदवतात आणि युजरनेम व तात्पुरता पासवर्ड नव्या ई-मेलवर येतो. जीएसटी प्रॅक्टिशनरला दिलेलं अधिकारपत्रही पोर्टलवरून कधीही काढून घेता येतं. त्यासाठी जुन्या माणसाची परवानगी लागत नाही.

दाद कुठे मागायची?

आधी लेखी मागणी करावी : बिलाची फोड आणि चलनाच्या प्रती द्या. व्हॉट्सॲपवर केली तरी चालेल. जी रक्कम मान्य आहे ती यूपीआयने देऊन टाकावी, म्हणजे बुडवण्याचा आरोप राहत नाही.

तरीही तिढा सुटला नाही, तर समोरचा नेमका कोण आहे हे पाहावं. तो सीए असेल तर गैरवर्तनाची तक्रार सीएंच्या संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे करता येते. पण फी जास्त की कमी, हे ठरवून देणं हे त्या विभागाचं काम नव्हे. जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर गैरवर्तनाबद्दल जीएसटी अधिकाऱ्याकडे जाता येतं. बऱ्याच गावांत काम करणारा यापैकी कोणीच नसतो, नुसता 'अकाउंटंट' असतो.

तेव्हा जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग उरतो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. अडचण एकच : धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असा बचाव होऊ शकतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी चालवलेलं दुकान असेल तर त्याला उत्तर देता येतं. ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावं.

कर भरायला म्हणून पैसे घेतले आणि भरलेच नाहीत, तर तो फीचा वाद राहत नाही. तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो आणि त्याची जागा पोलीस ठाणं आहे.

पुढच्या वर्षासाठी एक पान पुरे : कोणती विवरणपत्रं, प्रत्येकाची किती फी, नोटीस आली तर वेगळे किती, कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, आणि मोबाइल-ई-मेल दुकानदाराचाच. ते लिहिण्याआधी आणखी एक तपासावं. नुसत्या मालाच्या व्यापारात ४० लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला साधारणपणे जीएसटी नोंदणीच लागत नाही. कर्जासाठी किंवा होलसेलवाल्याच्या सांगण्यावरून घेतलेला नंबर आता कामाचा नसेल, तर तो रीतसर रद्द करून अंतिम विवरणपत्र भरलं की दरवर्षीचा हा खर्चच थांबतो.