‘अनपेक्षित’ म्हणण्याची सोय

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. १० जुलैला तेवढाच पुन्हा. परभणी-नांदेडपर्यंत जमीन हादरली. अशा धक्क्यांना ‘अनपेक्षित’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. या शब्दाला माझी सक्त हरकत आहे.

१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरातील लोक कित्येक वर्षे जमिनीखालचे गूढ आवाज ऐकत आले आहेत. हे आवाज म्हणजे मोठ्या भूकंपाचे भाकीत नव्हे, हे खरे. पण ही भूमी निद्रिस्त आहे, असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? किल्लारीलाही ऑक्टोबर १९९२ मध्ये धक्के बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे ६.२ रिश्टरच्या भूकंपाने सुमारे १०,००० माणसे गेली. तत्कालीन नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! १९६७ मध्ये कोयना हादरेपर्यंत दख्खनचे पठारही अचल मानले जाई. वस्तुतः भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटला जात असल्याने पठाराखालच्या जुन्या भेगांत ताण साचतो. तो मोकळा होण्यास हजारो वर्षेही लागतात आणि आपल्या नोंदी जेमतेम काही शतकांच्या. २००२ साली तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच नकाशातून रद्द झाला. आपल्या मनातून तो कधी रद्द होणार?

‘अनपेक्षित’ म्हटले की जबाबदारी संपते. ‘देवाचा कोप’ म्हटले तरी तेच. शिलोहाचा बुरूज कोसळून अठराजण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते हा तर्क ख्रिस्ताने स्पष्ट नाकारला. तो बुरूज कोणी आणि कसा बांधला होता, हे विचारायला मात्र आपल्याला कोणाची मनाई नाही.

किल्लारीत माणसे मारली ती घरांनी. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती. आतल्या व बाहेरच्या थराला सांधणारे आरपार दगड नाहीत. वर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. मराठवाड्यातील खेड्यांत तशीच घरे आजही नांदती आहेत. पुनर्वसनाची नवी गावे वसली, ती ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्यासाठी. ज्यांचे अजून गेलेले नाही, त्यांच्याकडे पाहायला कोणास सवड नाही.

उपाय गवंड्याच्या आवाक्यातले आहेत. भिंतीत जागोजागी आरपार दगड बसवावेत, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा सळ्यांचा काँक्रीट पट्टा घालावा. घरकुलाचे पैसे देणाऱ्यांनी गावच्या गवंड्यांना एवढे शिकवावे. जुन्या घरांत तर पहिल्या कामाला सिमेंटही लागत नाही : गळती थांबावी म्हणून माळवदावर थरावर थर चढवलेली माती येत्या मृगापूर्वी उतरवून हलकी करावी.