"किती चालली?" विचारणं आधी बंद करा

गेल्या शनिवारी सकाळी साडेसातला (शनिवारी! साडेसातला!) आतेभावाचा फोन.

"दादा, गाडी मिळाली. पाच वर्षं जुनी आणि फक्त ३१ हजार चाललीये. आज टोकन देऊन टाकतो."

"होती कोणाची?"

"एजंटकडे आहे."

"अरे, आहे एजंटकडे. होती कोणाची?"

"ते काय विचारलं नाही. पण दादा, ३१ हजार!!"

झोप उडाली ती उडालीच. त्याला म्हटलं टोकन देऊ नकोस, मी येतो. आणि घरी आल्यावर हे लिहायला बसलो, कारण हापिसात, सोसायटीत, लग्नात, जिथे जिथे सेकंडहँड गाडीचा विषय निघतो तिथे तिथे पब्लिकचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती चालली?" दुसरा प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत कोणी जातच नाही, तोवर कलर आवडलेला असतो.

तर मंडळी, आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे हा कोण शहाणा लागून गेला असं वाटायला नको.

२०२२ साली मी एक डिझेल सेडान घेतली. २०१४ची गाडी, मीटरवर ४६ हजार. आठ वर्षांत ४६ हजार म्हणजे लॉटरीच! मालक नंबर एक. आरसीवर एका कंपनीचं नाव होतं. एजंट म्हणाला, "सर, कंपनीची गाडी, सर्व्हिसिंग एकदम टायमावर." मलाही ते पटलं. (मी स्वतः कंपनीत काम करतो. कंपनीत कुठली गोष्ट टायमावर होते ते मला माहीत असायला हवं होतं. असो.)

मे २०२३. आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर, वळणावर, काही आवाज नाही, धूर नाही, इंजिन गप्प. स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा पेडल निम्मंच खाली गेलं, कारण इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. मागे भरलेला ट्रक, त्याचा हॉर्न अजून कानात आहे. हँडब्रेक ओढला तरी गाडी इंच-इंच मागे सरकत होती. ६३ वर्षांचे माझे बाबा खाली उतरले आणि रस्त्याकडेचा दगड उचलून चाकामागे लावला. ट्रक आम्हाला घासून गेला म्हणावं इतका जवळून गेला. आई मागच्या सीटवर मांडीवरची आंब्यांची पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

टायमिंग बेल्ट तुटला होता. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ संपतो, आणि बऱ्याच इंजिनांत ते एकमेकांवर आदळतात. माझ्यात आदळले. सर्व्हिस सेंटरवाल्याने चेसिस नंबर टाकून जुनी नोंद काढली. २०१९ची शेवटची एंट्री: १ लाख १२ हजार किमी. आणि चार वर्षांनी, २०२३ मध्ये, माझ्या मीटरवर होते ५४ हजार! ही नोंद गाडी घेण्याआधीही तिथेच होती. कोणालातरी विनंती करून बघायला वीस मिनिटं लागली असती. मी ती वीस मिनिटं अलॉय व्हील बघण्यात घालवली.

आता यात एजंट चोर, हे कोणीही म्हणेल. पण माझा राग वेगळ्याच ठिकाणी आहे. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की बेल्ट इतक्या किलोमीटरला किंवा इतक्या वर्षांनी बदला, जे आधी होईल ते. म्हणजे ४६ हजार खरे असते तरी आठ वर्षांच्या बेल्टबद्दल मी विचारायलाच हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मीटरवरच्या त्या आकड्याने माझं डोकं बंद केलं होतं. खोटा आकडा जेवढा नडला तेवढाच त्या आकड्यावरचा विश्वासही नडला.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मीटर म्हणजे एक व्हेरिएबल. शेवटची किंमत तेवढी दिसते, मधलं काही नाही. डिजिटल मीटरचा आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो आणि योग्य यंत्र जोडणाऱ्याला तो बदलायला चहा पिण्याइतका वेळ पुरतो. याउलट मालकीचा इतिहास म्हणजे लॉग. त्यातली एक नोंद आरटीओत, एक विमा कंपनीत, एक सर्व्हिस सेंटरच्या सर्व्हरवर, एक बँकेत आणि एक मालकाच्या फाइलमध्ये पिवळ्या पडलेल्या बिलांवर. सगळीकडे जाऊन सगळ्या नोंदी एकाच खोट्या गोष्टीला जुळतील अशा बदलणं जवळपास अशक्य. प्रॉडक्शनवर काही फुटलं तर आपण लॉग बघतो ना? मग सहा लाखांची गाडी घेताना एका फील्डवर विश्वास का?

बरं, आकडा अगदी खरा धरू. तरी तो सांगतो काय? समजा एक गाडी पुणे-कोल्हापूर हायवेवर सरासरी ६०च्या वेगाने ९० हजार किमी चालली. इंजिन १५०० तास फिरलं. दुसरी गाडी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी १५ने फक्त २५ हजार चालली. तिचं इंजिन १६६० तासांच्या वर फिरलं! त्यात क्लच आणि गिअर किती वेळा दाबले-बदलले ते वेगळंच. आणि जी गाडी रोज तीन किलोमीटरवरच्या शाळेत जाऊन परत येते, तिचं ऑइल धड तापतही नाही. डिझेल असेल तर एक्झॉस्टमधला काजळी पकडणारा फिल्टर स्वतःला साफ करायची संधीच मिळत नाही म्हणून तुंबतो. ही झाली तुमची "लो रनिंग" गाडी.

आणि पाणी? २०१९ आणि २०२१ला सांगली-कोल्हापूरकडे पूर आला, २६ जुलै २००५ला मुंबई बुडाली. बुडलेल्या गाडीचा मीटर बुडाल्याने पुढे जात नाही. उलट ती महिनोन्महिने उभी राहते, म्हणजे किलोमीटर कमीच. विम्याची नोंद आणि गाडी त्या काळात कुठल्या गावात होती, एवढंच तुम्हाला वाचवू शकतं.

इथे काही लोक म्हणतील, आम्ही बघतो ना मालकी, फर्स्ट ओनरच घेतो. अहो, माझीही फर्स्ट ओनरच होती! तो कागद शंभर टक्के खरा होता. त्या एका "ओनर"च्या नावावर किती ड्रायव्हर बसून गेले ते देव जाणे. मालक मोजून इतिहास कळत नाही. शिवाय आरसीवरचे मालकही सगळे असतीलच असं नाही. गाडी विकायची, सह्या केलेले कोरे फॉर्म २९-३० देऊन मोकळं व्हायचं, ट्रान्सफर नंतर कधीतरी, ही आपली जुनी परंपरा. कायदा म्हणतो विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवा. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्याच्या माथी. ती गाडी अशीच हातोहात विकली गेली होती. कागदावर मालक एकच!

तसंच ते "डॉक्टर ड्रिव्हन", "लेडी ड्रिव्हन" आणि मुंबई-पुण्याचं लाडकं "पारशी ओन्ड". बावाजी गाडीला जीव लावतात यात वादच नाही, पण बिलं मागा. खरा बावाजी तुम्हाला १९९८ची पण काढून दाखवेल.

मग बघायचं काय? नंबर सरकारी ॲपवर टाका. नाव अर्धं फुल्यांत दिसेल, पण मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. मग विम्याची पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस बघा. हे माझं सर्वांत आवडतं. बोनस वीस टक्क्यांपासून पन्नासपर्यंत चढतो आणि क्लेम केला की साधारणपणे शून्यावर येतो. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे पन्नास टक्के दिसले म्हणून गाडी धुतल्या तांदळासारखी असं नाही. पण "एक स्क्रॅच नाय सर" म्हणणाऱ्याच्या पाच वर्षांच्या गाडीवर शून्य दिसलं तर का, ते विचारा आणि त्याचा चेहरा बघा. आणि सर्व्हिसची नोंद. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. आकडे चढत गेले पाहिजेत, एवढं साधं आहे. अशा बिलांवर उभा असलेला मीटर मीही मानतो. टायर, सस्पेन्शन, बुश यांना किलोमीटर लागतातच की.

बेल्जियममध्ये २००६पासून "कार-पास" नावाचा कागद दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही. प्रत्येक गॅरेज प्रत्येक कामाच्या वेळी मीटरचा आकडा कळवतं. आपल्या आरसीवर किलोमीटरचा रकानाच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नियम आले, एप्रिल २०२३पासून लागू झाले, त्यानुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची परवानगी लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात असताना कुठे किती फिरवली याची नोंद ठेवावी लागते. चांगलंय. पण ताब्यात येण्यापूर्वीचं काय?

आणि खरं सांगू, मीटर मागे का फिरतात? कारण आपण त्याचे पैसे देतो. "५० हजारांच्या आत" हा फिल्टर आपणच लावतो. ज्याने प्रामाणिकपणे ८८ हजार लिहिलेत, त्याला फोनसुद्धा जात नाही.

हा ८८ हजारवाला काल्पनिक नाही बरं का. ३१ हजारवाल्या एजंटला मी सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या, तर "आणखी दोन पार्ट्या येतायत सर" म्हणून त्याने आमच्यातला रसच सोडला. मग दुपारी कराडच्या एका निवृत्त काकांकडे गेलो. त्यांची जाहिरात महिनाभर पडून होती. त्यांनी फाइल समोर ठेवली, पहिल्या फ्री सर्व्हिसपासून बिलं, पंक्चरच्या चिठ्ठ्यासुद्धा. मुलगी कोल्हापूरला असते, दर पंधरा दिवसांनी फेरी. ७० हजारांच्या बिलावर क्लच बदललेला दिसला, तर काका स्वतःच म्हणाले, "ती चूक माझी. भाच्याला शिकवायला दिली होती." मग त्यांनी आतेभावाचीच उलटतपासणी घेतली: लायसन किती वर्षांचं, गाडी उघड्यावर लावणार की शेडमध्ये.

आतेभाऊ अजून थोडा रुसलाय, मित्रांना ८८ हजार सांगायची लाज वाटते म्हणे. पण टोकन दिलंय. मंगळवारी काका पुण्याला येतायत आरटीओच्या सह्यांसाठी. गाडी नावावर होईपर्यंत किल्ली त्यांच्याकडेच राहील, असं मीच सुचवलं. काकांनी ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.