वर भेटू म्हणे!

'आपापल्या वेगाने पळा, वर भेटू.' डोंगरात पळणाऱ्यांच्या गटात हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याला एकदा गाठून चार शब्द सुनवायची माझी फार इच्छा आहे. पण तो कायम माझ्या पुढेच असणार, त्यामुळे ते जमेलसं दिसत नाही. म्हणून इथे लिहितोय. :-)

तर मंडळी, पुण्यात पाऊस ओसरला की डोंगरातल्या शर्यतींचे वेध लागतात. सिंहगड-राजगड-तोरणा ही त्यातली नावाजलेली. मग दर रविवारी पहाटे गट जमतात. वेताळ टेकडी, आतकरवाडीहून सिंहगड, आणि अंगात रग जास्त असेल तर कात्रज-सिंहगड. आमची आत्या विचारते, "पळायचंच आहे तर सारसबागेला फेऱ्या मार की, डोंगर कशाला?" आत्या, त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी. पण तिचा दुसरा प्रश्न जास्त नेमका आहे: "आणि एवढी माणसं कशाला लागतात?"

माणसं लागतात, कारण डोंगर म्हणजे रस्ता नव्हे. रस्त्यावर पाय मुरगळला तर रिक्षा मिळते. धारेवर मुरगळला तर शेजारी माणूस असावा लागतो. घळीत मोबाइलला रेंज नसते, ढोरवाटा मूळ वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात, आणि नऊनंतर ऊन असं लागतं की बाटलीतलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. गट असतो तो यासाठी. बाकी पळायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या चढालाच गटाचे तीन तुकडे होतात. पुढचे गडावर पोचतात, सरबत पितात, फोटो काढतात, पंधरा मिनिटं निवांत बसतात. शेवटचा धापा टाकत वर येतो, आणि तो दिसताक्षणी सगळे उठून म्हणतात, "चला, निघूया!" म्हणजे जो सगळ्यात जास्त दमला त्याला सगळ्यात कमी विश्रांती. हा कुठला न्याय?

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हेच झालं. (घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो.) कात्रज-सिंहगडच्या वाटेवर, गटात नवीन असल्याने ती मागे राहिली. तिथे टेकड्यांमागून टेकड्या, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. एका ठिकाणी ती चुकीच्या सोंडेवरून उतरत गेली. दीड तास एकटी, पाणी संपलेलं. खाली वस्ती लागली म्हणून निभावलं. गटातल्या जाणत्यांचं म्हणणं काय, तर "तिने आधी नकाशा बघायला हवा होता." तिथे पाच जणांना वाट पाठ होती, आणि पाचही जण पुढे होते! बोला आता.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "शर्यतीत कोण कुणासाठी थांबतं? सरावातच सवय झालेली बरी." अहो, शर्यतीत वाटेवर खुणा असतात, पाण्याची ठिकाणं असतात, शेवटच्या माणसाच्या मागून चालणारे स्वयंसेवक असतात. सरावाच्या दिवशी यातलं काहीच नसतं. मग जास्त काळजी कधी घ्यायची?

आणि पुढच्यांना मागच्यांची गरज नसते, हाही भ्रमच. २२ मे २०२१ला चीनमधल्या गान्सू प्रांतात डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण उतरले. अचानक गारा, थंड पाऊस, सोसाट्याचा वारा सुटला आणि २१ जण गारठून गेले. त्यात लिआंग जिंग होता, चीनमधल्या अव्वल धावपटूंपैकी एक. सहा जण वाचले ते झू केमिंग नावाच्या मेंढपाळामुळे, त्याने त्यांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेलं. डोंगर आपला वेग विचारत नाही.

दुसरी तक्रार अशी की थांबलं तर वेगवानांचा सराव बुडतो. हे तर साफ चूक. पुढच्यांनी थांबायचं कशाला? वळायचं, शेवटच्यापर्यंत खाली उतरायचं आणि त्याच्याबरोबर पुन्हा चढायचं. चढाई वाढते आणि उतरायचा सरावही होतो. आपल्याकडे चढाचे आकडे जो तो मिरवतो, उताराचा सराव कुणी करत नाही. पण शर्यतीत मांड्या भरून येतात त्या उतारावरच. उतरताना स्नायू भार पेलत असतानाच ताणला जातो, त्याचं दुखणं पुढचे दोन-तीन दिवस छळतं. त्यावर थोडं थोडं उतरून सवय करणं हाच उपाय. तोरण्याच्या घसाऱ्यावर हीच सवय कामाला येते. म्हणजे मागच्यासाठी परत येणं हे उपकार नव्हेत, तोच खरा सराव आहे.

नियमही फार नकोत. वाट माहीत असलेला एक जण सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे. प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजायची. शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटं मोजायला सुरुवात करायची, आधी नाही. गुराखीसुद्धा संध्याकाळी गुरं मोजूनच खाली उतरतो. आपण हजारोंचे बूट घालून एवढंही करू नये?

ज्यांना वरच भेटायचंय त्यांनी खुशाल एकट्याने पळावं, त्याला माझी काही हरकत नाही. फक्त त्याला गट म्हणू नये, आणि नवख्यांना "या, आम्ही आहोत ना" असं सांगून बोलावू नये.

असो. बहीण पुन्हा पळायला लागली आहे. वेगळ्या गटात. तिथे सगळ्यात मागे कोण राहायचं याची पाळी लावलेली असते, आणि परवा ती पाळी तिची होती.