परवाना वर्ग १ की वर्ग २?

२०२५ च्या दिवाळीत घरी गेले तर पप्पांनी दुकानासाठी नवा पीसी आणून ठेवलेला. कळंबला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. जुन्या पीसीवर २०१७ पासून टॅली चालायची. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ बसेना, म्हणून हा खर्च. पण नवा पीसी असेंबल करून घेताना पप्पांनी विंडोज घेतलंच नव्हतं. म्हणाले, "जुन्यात पैसे भरून टाकलंय ना, तेच काढून ह्यात टाक. इंजिनिअरिंगला कशाला घातलंय तुला?"

खरं सांगायचं तर मलाही त्यात काही चूक वाटली नाही. बोअरची मोटर जळाली की तिचा स्टार्टर आपण नव्या मोटरला जोडतोच की!

जुन्या कॅबिनेटवर स्टिकर होतं, त्यावर पंचवीस अक्षरांची की. तरी खात्री करावी म्हणून जुन्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएलएमजीआर /डीएलआय' ही कमांड दिली. छोटी खिडकी उघडली आणि तिच्यात 'ओईएम' ही अक्षरं दिसली. खेळ खलास. ओईएम परवाना माणसाला मिळत नाही, मशीनला मिळतो, आणि मशीन म्हणजे मुख्यतः मदरबोर्ड. रॅम बदला, हार्ड डिस्क बदला, चालतं. बिघडलेला मदरबोर्ड बदलला तरी सवलत आहे. पण नवीन कॉम्प्युटर घेतला की जुना परवाना जुन्या डब्यातच राहतो. तोच 'रिटेल' असता तर जुन्यातून काढून नव्यात टाकता आला असता. एका वेळी एकाच मशीनवर वापरायचा, एवढीच अट.

करार इंग्रजीत. कॉन्व्हेंटच्या कृपेने मी तो घडाघडा वाचून मराठीत सांगितला. पप्पा शांतपणे म्हणाले, "म्हणजे वर्ग दोनची जमीन." मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सातबारा काढून त्यावरचं 'भूधारणा पद्धती' दाखवलं. भोगवटादार वर्ग १ असेल तर जमीन मोकळेपणाने विकता येते. वर्ग २ असेल तर कसा, पीक घ्या, पण विकायची झाली तर सरकारची परवानगी काढा. मराठवाड्यात इनामाच्या जमिनी पुष्कळ, त्यामुळे हे दोन वर्ग इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ. (इंग्रजी करार वाचता येतो आणि घरचा सातबारा वाचता येत नाही, हे लिहिताना लाज वाटते. असो.)

माझं म्हणणं इथेच सुरू होतं. सातबाऱ्यावर वर्ग छापलेला असतो. आमच्या २०१७ च्या बिलावर फक्त 'विंडोज १० – १ नग' एवढंच होतं. ओईएम स्वस्त मिळतं, त्या बदल्यात अट असली तर माझी तक्रार नाही. पण अट विकतानाच सांगा ना! दुकानदाराला तरी ती माहीत होती की नाही, देव जाणे.

गंमत म्हणजे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलंय की तयार, डबाबंद सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे, तिच्यावर विक्रीकर लागतो. म्हणजे कर भरताना ती वस्तू, आणि आपण दुसरीकडे न्यायला निघालो की नुसता परवाना! युरोपच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला याच्या पुढे जाऊन निकाल दिला: कायमच्या वापरासाठी घेतलेली प्रत पहिल्या मालकाला पुढे विकता येते, फक्त त्याने स्वतःकडची प्रत पुसली पाहिजे. इतकी साधी अट आपल्याकडे का चालू नये?

होस्टेलवर हा सगळा विषय काढला की हसतात. "पेन ड्राइव्ह आण, दोन मिनिटांत ॲक्टिव्हेट करून देतो." हे जे ॲक्टिव्हेटर आहेत त्यातले बरेचसे मोठ्या संस्थांच्या सर्व्हरची नक्कल करतात. संस्थेतल्या मशीनने १८० दिवसांत एकदा तरी त्या सर्व्हरला तोंड दाखवायचं असतं, तो सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपमध्ये खोटा उभा करायचा. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन आपण मेसला जेवायला जायचं. प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिशनच्या आदल्या रात्री उडाला की मग रडायचं. तरीही मी ह्या मुलांना पूर्ण दोष देत नाही. पैसे मोजणाऱ्यालाही त्याने नेमकं काय विकत घेतलं ते कळत नसेल, तर मोजायचे कशाला, असं वाटणारच.

लिनक्स टाकून पाहिलं. छान चालतं, कितीही मशीनवर न्या, परवानगी मागायची गरज नाही. पण पप्पांची टॅली विंडोजवर चालणारी. शेवटी विंडोज विकतच घेतलं. पप्पा माझ्याबरोबर आले आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणाले, "बिलावर 'रिटेल' असं लिहा." तो म्हणाला, कॉम्प्युटरच्या बिलात तसा रकाना नाही. पप्पा हलले नाहीत. मग त्याने पेनाने लिहिलं आणि खाली सही केली.