आडनावाचा रकाना

प्रोग्रॅमर माणसाला आमच्याकडे नातेवाईक तीन कामांसाठी ओळखतात: प्रिंटर चालू करणं, उडालेलं व्हॉट्सअॅप परत आणणं आणि ऑनलाइन फॉर्म भरणं. मी बीडमध्ये बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. नेमकं काय करतो हे घरात अजून कुणाला समजावता आलेलं नाही. त्यामुळे "पोरगा कंपुटरमध्ये आहे" एवढीच माझी जाहिरात होते आणि गल्लीतले फॉर्म माझ्याकडे येतात. प्रिंटरबद्दल माझं काही मत नाही, तो अल्लाहच्या मर्जीने चालतो. फॉर्मबद्दल मात्र पक्कं मत आहे. आपल्याकडे माणसांची नावं बरोबर आहेत, फॉर्म चुकीचे आहेत. आणि दुरुस्तीला पाठवलं जातं ते माणसांना.

मराठवाड्यातल्या मुसलमानाचं नाव कसं असतं ते आधी सांगतो, कारण वाचणाऱ्यांत पुण्या-मुंबईचेही आहेत. समजा, माणसाचं नाव सलीम, वडिलांचं करीम आणि घराणं शेख. शाळेच्या दाखल्यावर हे "शेख सलीम शेख करीम" असं लागतं. आडनाव पुढे, आणि तेही दोनदा. एकदा पोराचं, एकदा बापाचं. वाचणाऱ्याला कधी अडचण आली नाही.

आता हे नाव "पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव" या तीन रकान्यांत बसवा. सेवा केंद्रातला पोरगा डावीकडून सुरुवात करतो: पहिलं नाव शेख, मधलं सलीम, आडनाव शेख करीम. दुसऱ्या ठिकाणचा जरा हुशार असतो, तो सलीम करीम शेख लिहितो. तिसरा एक शेख जास्तीचा समजून गाळून टाकतो. संध्याकाळपर्यंत एका माणसाचे तीन माणसं होतात. पहिल्याचं रेशन कार्ड असतं, दुसऱ्याचं बँकेत खातं असतं आणि तिसऱ्याला अनुदान मंजूर झालेलं असतं. पैसे कुणालाच मिळत नाहीत, कारण तिघांची आपसात ओळख नाही.

बायकांचं आणखी वेगळं. आमच्या भागातल्या कागदांवर बाईच्या नावानंतर "भ्र." लिहून नवऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. भ्र. म्हणजे भ्रतार. ही पद्धत हिंदू-मुसलमान दोघांत आहे. तलाठ्याला ते कळतं. सॉफ्टवेअरला वाटतं, हे बाईचंच मधलं नाव. इंग्रजीत त्याचं "बी-एच-आर" होतं आणि मग पुढच्या कार्यालयातला साहेब विचारतो, हे काय आहे?

बरं, ही फक्त शेख-सय्यद-पठाणांची तक्रार नाही. सात-बाऱ्यावर ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर असलेले कितीतरी शेतकरी आहेत. एका कागदावर "बाई" आणि "राव" आहे, दुसऱ्यावर गायब. लग्नात नाव बदललेल्या बाईचं तर माहेरचं सगळं आयुष्यच दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर असतं. फरक एवढाच की ज्ञानोबाला फेऱ्या माराव्या लागतात, आणि आमच्या लोकांना फेऱ्यांबरोबर धाकधूकही असते.

ती धाकधूक काय आहे, सांगतो. ३१ ऑगस्ट २०१९ ला आसामची एनआरसीची अंतिम यादी आली. १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले, त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. कागदांवरच्या नावांतले किरकोळ फरक तिथे किती महाग पडले, हे त्या दिवसांत सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर आमच्या गल्लीत स्पेलिंग हा व्याकरणाचा विषय राहिला नाही. ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही असे म्हातारे "आय आहे की ई आहे, नीट बघ" म्हणून आधार कार्ड डोळ्यांसमोर धरायला लागले.

या स्पेलिंगचं मूळही बघण्यासारखं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कागद उर्दूत. उर्दूत लघु स्वर सहसा लिहीत नाहीत. 'मोहम्मद' म्हणजे मीम, हे, मीम, दाल, अशी चार अक्षरं. कुणीही लिहिलं तरी तेच. नंतर कागद मराठीत आले. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं: महंमद, मोहम्मद, मुहम्मद, महेमूद. शेवटचं तर वेगळंच नाव आहे, पण असो. मग कॉम्प्युटर आला आणि तेच नाव इंग्रजीत गेलं. आता त्याची स्पेलिंग किती होतात याची मोजदाद मी सोडून दिली आहे. शिवाय कुणी आळसाने नुसतं "एम-डी" लिहितो, कुणी "एम-ओ-एच-डी". आजोबांचं नाव एका लिपीत, अब्बांचं दुसऱ्या, माझं तिसऱ्या. तीन पिढ्यांत माणूस तोच, कुळ तेच, अक्षरं मात्र तीनदा बदलली. तरी कॉम्प्युटर म्हणतो, "नाव जुळत नाही."

गंमत म्हणजे यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ साली एका युक्तीचं पेटंट घेतलं. तिला पुढे साउंडेक्स म्हणू लागले. स्पेलिंग बघायचं नाही, उच्चाराला जवळचा एक छोटा कोड काढायचा. पहिलं अक्षर ठेवा, स्वर टाका, बाकीच्या व्यंजनांना आकडे द्या. शेखची जेवढी स्पेलिंग मला माहीत आहेत, तेवढ्या सगळ्यांचा कोड एकच निघतो: एस-२००. सय्यदच्या सगळ्या स्पेलिंगांचा एस-३००. मोहम्मद आणि मुहम्मद, दोघांचाही एम-५३०. आळशी "एम-ओ-एच-डी" मात्र एम-३०० होऊन निसटतो, त्याच्यासाठी एक ओळ वेगळी लिहावी लागते. एकच ओळ! ही युक्ती निघाली तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, कारकून कार्डांच्या पेट्यांवर हाताने चालवायचे. त्यानंतर याहून कितीतरी चांगल्या पद्धती आल्या. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी अजून अक्षराला अक्षर लावून बघतात, आणि एक अक्षर चुकलं की माणूस बाद.

दुरुस्ती करावी म्हटलं तर आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणजे ऑपरेटर दोनदा चुकला की तुमचा कोटा संपला, पुढे खास परवानगी मागत बसा. पॅन आधारला जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली, त्याआधीच उशिराचा दंड १,००० रुपये झाला होता. ज्यांची दोन्हीकडची नावं जुळत नव्हती त्यांनी आधी नाव जुळवायचं, मग दंड भरून जोडायचं. आमच्या एका चुलत्यांनी तेव्हा मला विचारलं, "बेटा, नाम हमारा, मशीन उनकी, और गलती बी हमारीच?" अशा प्रश्नाला तांत्रिक उत्तर नसतं.

आमच्या धंद्यात अशा लोकांसाठी एक शब्द आहे: एज केस. कडेला पडलेला अपवाद. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की काही लोकांना आडनावच नसतं, तर लगेच उत्तर येतं, "तो एज केस आहे, पुढच्या रिलीजमध्ये बघू." पुढचं रिलीज हे उधारीवरच्या "उद्या या" पाटीसारखं असतं. माझं म्हणणं असं की ज्या अपवादात अख्खा मराठवाडा मावतो, त्याला अपवाद म्हणायला जरा तरी संकोच वाटावा. पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रॅमरने २०१० सालीच, नावांबद्दल प्रोग्रॅमर लोकांचे काय काय गैरसमज असतात, याची चाळीस कलमी यादी लिहिली. तो जपानमध्ये राहायचा आणि तिथले कॉम्प्युटर त्याचं नाव घेत नव्हते. म्हणजे गोऱ्या माणसालाही हे कळलं, पण कधी? रांगेत उभं राहिल्यावर. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबारच्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पहिला आधार क्रमांक आदिवासी पाड्यावर पोचला आणि रकाने मात्र शहरातल्या फ्लॅटच्या दारावरची पाटी बघून आखलेले राहिले.

नावाचं झालं, आता अंगठ्याचं. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लावायचा असतो. आमचा जिल्हा ऊसतोड्यांचा. दसरा-दिवाळी झाली की इथून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि पाच-सहा महिने कोयता चालवतात. उसाचं पाचट हात सोलून काढतं. ज्या हातावर रेषाच उरल्या नाहीत, त्या हाताला मशीन रेषा मागतं. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात बोटांचे ठसे न जुळण्याचं प्रमाण झारखंडमध्ये ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज दिले आहेत. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागतो, कारण मी त्याने स्पेसबार दाबण्यापलीकडे काही केलेलं नाही. ज्याने कमी कष्ट केले त्याची ओळख पटकन पटते, असलं हे यंत्र.

आणि हे सगळं कॉम्प्युटरच्या माथी मारू नका. माणसाला रकान्यात कोंबायची कला जुनी आहे. ऊसतोडीत मुकादमाच्या वहीत "एक कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला, हिशोब जोडीचा, नाव नवऱ्याचं. एकटा माणूस असेल तर "अर्धा कोयता". पहाटे चारला उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या वहीत स्वतंत्र ओळीत कुठेच नसते. प्रोग्रॅमरच्या नजरेने बघा. हा एक तक्ता आहे, ज्यात दोन माणसांना मिळून एक ओळ आहे. ज्याला ओळ नाही त्याला मजुरी नाही, तक्रार नाही, अपघात झाला तर पुरावा नाही. तक्ता आखणारा माणूस कायदाच करत असतो, फक्त त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं.

कागदावरच्या वहीतली ही सवय स्क्रीनवर कशी जाते याचं ताजं उदाहरण लाडकी बहीण योजनेचं. महिन्याला १,५०० रुपयांची योजना, सप्टेंबर २०२५ मध्ये तिची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला गेला. ज्या बाईचा नवरा वारला आहे, बापही नाही, किंवा नवऱ्याने सोडलं आहे, तिने ओटीपी कुठून आणायचा? कबरस्तानात रेंज असती तरी प्रश्न होता. पुढे मुदत वाढवली आणि अशा बायकांनी कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत असं ठरलं. म्हणजे स्क्रीनने हात टेकल्यावर शेवटी माणूसच कामी आला. ती सेविका गावात कोण विधवा आहे हे ओटीपीशिवाय सांगू शकते.

रकाने बदलता येत नाहीत असं मात्र कुणी सांगू नये. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लागेल. कालपर्यंत जे तीन रकाने दगडावरची रेघ होते, ते एका बैठकीत चार झाले. आई आली, आनंद आहे. जी व्यवस्था आईसाठी सरकू शकते ती शेख सलीम शेख करीमसाठीही सरकू शकते.

बीडची खजाना विहीर तुम्ही पाहिली नसेल तर पाहून या. सोळाव्या शतकात, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळात बांधलेली. तिचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, मोट नाही, मोटार नाही, नुसत्या उतारावर शेतांपर्यंत जातं. बांधणाऱ्याने आधी जमीन कुठे कशी उतरते ते पाहिलं आणि मग बोगदा खोदला. जमिनीने आपल्या आराखड्याप्रमाणे उतार दुरुस्त करून आणावा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं, असं तो म्हणाला नाही.

माझ्या धंद्यातल्या लोकांकडे माझं मागणं लहान आहे. नावासाठी एकच लांब रकाना द्या, माणूस लिहील तसं घ्या. जुळवताना आधी उच्चार बघा आणि तरी शंका आली तर माणसाला बाद करण्याऐवजी दुसऱ्या माणसाला विचारा. अंगठा नाही लागला तर दुसरा रस्ता तिथेच, त्याच दुकानात, त्याच दिवशी हवा. कुणाचीही ओळख दुसऱ्याच्या मोबाइलवर टांगू नका. हे लिहायला प्रोग्रॅमरला चार दिवस जास्त लागतील, कबूल. पण ते चार दिवस वाचवायचे म्हणून आज गेवराई, माजलगाव, धारूरचे हजारो लोक एकेक दिवसाची मजुरी बुडवतात, एसटीचं भाडं भरतात, झेरॉक्सचे पैसे देतात आणि "सर्व्हर डाऊन आहे" ऐकून परत येतात. कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च दिसत नाही, कारण तो तिच्या खिशातून जात नाही.

आणि मराठवाड्यातून या धंद्यात गेलेल्या पोरांना, हिंदू असो की मुसलमान, वेगळं सांगणं आहे. मीटिंगमध्ये आडनावाच्या रकान्यावर सक्तीची तांबडी चांदणी लावायची वेळ येईल तेव्हा तोंड उघडा. तिथे बसलेल्यांपैकी "भ्र." म्हणजे काय हे फक्त तुम्हालाच माहीत असेल.