व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, मग मेटाला २१३ कोटींचा दंड कशासाठी?

जानेवारी २०२१मध्ये भारतात व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांच्या फोनवर एक सूचना झळकली: नव्या अटी मान्य करा, नाहीतर ८ फेब्रुवारीनंतर अ‍ॅप वापरता येणार नाही. ओरड झाल्यावर कंपनीने मुदत वाढवली. काहींनी सिग्नल, टेलिग्राम घेतलं. पण सोसायटीचा, शाळेचा, नातेवाईकांचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरच राहिला आणि बहुतेकांनी मुकाट्याने 'मान्य' दाबलं.

भारतीय स्पर्धा आयोगाचा आक्षेप याच सक्तीवर होता. प्रश्न मेसेजमधल्या मजकुराचा नव्हता. तो एन्क्रिप्टेड असतो. फोन नंबर, डिव्हाइसची माहिती, व्यवसायांशी होणारा संवाद असा डेटा मेटाच्या इतर कंपन्यांकडे जाण्याचा होता. २०१६च्या धोरणात जुन्या वापरकर्त्यांना फेसबुकसाठीच्या वापराला नकार देता येत होता. २०२१मध्ये तो पर्याय गेला. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोगाने मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि जाहिरातींसाठी हा डेटा देण्यावर पाच वर्षं बंदी घातली.

स्पर्धा कायदा म्हटलं की संगनमताने भाव वाढवणाऱ्या कंपन्या आठवतात. इथे तर भाव शून्य. पण पैशांऐवजी डेटा घेतला जात असेल, आणि सोडून जायला दुसरी सोयीची जागाच नसेल, तर जास्त डेटा मागणं हीसुद्धा भाववाढच. जर्मनीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१९मध्येच फेसबुकविरुद्ध अशी भूमिका घेतली होती. स्पर्धेचा तपास करताना डेटा संरक्षणाचे नियम पाळले का, हेही तपासता येतं, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने जुलै २०२३मध्ये दिला.

अमेरिकेत मात्र गाडी अडली. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप मेटापासून वेगळे करा, ही तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनची मागणी. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी नोव्हेंबर २०२५मध्ये ती फेटाळली. टिकटॉक आणि यूट्यूब हेही मेटाचे स्पर्धक आहेत, त्यामुळे आज तिची मक्तेदारी सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. रील्स बघणाऱ्याला ते पटेल. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा कुटुंबाचा ग्रुप काही यूट्यूबवर हलवता येत नाही.

त्याच महिन्यात भारतातल्या अपिलीय न्यायाधिकरणाने मेटाचा दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी मात्र रद्द केली. मेटासारख्या कंपनीला २१३ कोटी म्हणजे किरकोळ रक्कम. खरा चिमटा बंदीचा होता. वापरकर्त्याला डेटा देण्या-न देण्याची निवड द्यावी, हे निर्देश तेवढे टिकले.